डार्क मोडने बॅटरी वाचते का?

मघाशी एका ताईंनी विचारलं, डार्क मोडने बॅटरी खरंच वाचते का? आधी स्क्रीन कोणती ते बघा. एलसीडीत मागचा दिवा कायम चालूच असतो. काळा रंग दाखवायचा म्हणजे त्याचा प्रकाश अडवायचा. वीज जळतेच! ओएलईडीत मात्र प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो, काळा ठिपका चक्क विझलेला असतो. पण तिथेही गंमत आहे. पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ मध्ये ओएलईडी फोनवर मोजलं, तेव्हा पूर्ण ब्राइटनेसला सरासरी ३९ ते ४७ टक्के वीज वाचली. ३० ते ५० टक्के ब्राइटनेसला, म्हणजे आपण घरात ठेवतो तेवढ्याला, फक्त ३ ते ९ टक्के. खरी बचत भर उन्हात, आणि नेमकं तिथेच काळ्यावरचं पांढरं वाचताना डोळे बारीक करावे लागतात. तेव्हा ताई, घरात आधी ब्राइटनेस उतरवा.