मधुमेह आणि धमन्यांचे आरोग्य

मधुमेहाचे निदान रक्तातील साखरेवरून होते. परंतु मधुमेही मनुष्याच्या जिवाला असलेला मोठा धोका बहुधा त्याच्या धमन्यांत वाढत असतो. दुसऱ्या प्रकारचा मधुमेह सामान्यतः प्रौढ वयात जडतो. त्यात शरीर इन्शुलिन तयार करते, पण स्नायू व यकृत त्याला पुरेसा प्रतिसाद देत नाहीत. पुढे इन्शुलिनही अपुरे पडू लागते. अशा रुग्णांत हृदयविकार व पक्षाघात यांचे प्रमाण अधिक असते. तेव्हा साखर ताब्यात ठेवली म्हणजे धमन्या सुरक्षित राहतात काय, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

धमनीत काय घडते?

धमनीच्या आतील बाजूस पेशींचे अत्यंत पातळ अस्तर असते. निरोगी स्थितीत हे अस्तर नायट्रिक ऑक्साइड निर्माण करून धमनी सैल ठेवते व रक्त साकळू देत नाही. साखर दीर्घकाळ वाढलेली राहिली, की अस्तराचे हे कार्य मंदावते. साखर भिंतीतील प्रथिनांना चिकटते आणि भिंत ताठर बनते. त्यातच कोलेस्टेरॉल आत शिरून साचते. हा साठा फुटला, तर त्या जागी रक्ताची गुठळी बनून प्रवाह खुंटतो. हृदयाच्या धमनीत असे घडल्यास हृदयविकाराचा झटका येतो; मेंदूच्या धमनीत घडल्यास पक्षाघात होतो.

साखर हिमोग्लोबिन या प्रथिनालाही चिकटते. तांबड्या रक्तपेशीचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे असल्यामुळे, चिकटलेल्या साखरेच्या प्रमाणावरून मागील दोन-तीन महिन्यांचा हिशेब कळतो.

दोन अभ्यासांची साक्ष

ब्रिटनमध्ये १९७७ साली आरंभलेल्या अभ्यासात नुकतेच निदान झालेले ५,१०२ रुग्ण होते. १९९८ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. साखरेवर काटेकोर नियंत्रण ठेवलेल्या गटात डोळे, मूत्रपिंड इत्यादींतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे विकार सुमारे एक-चतुर्थांशाने घटले. हृदयविकाराचे झटकेही कमी दिसले. पण तो फरक निव्वळ योगायोगाचा नव्हे, असे ठामपणे म्हणता येत नव्हते. अभ्यास संपल्यावर दोन्ही गटांच्या साखरेतील अंतर वर्षभरातच नाहीसे झाले. तरीही २००८ साली पाहता, आरंभी इन्शुलिन वा गोळ्यांनी काटेकोर उपचार मिळालेल्यांत हे झटके १५ टक्क्यांनी कमी आढळले. लवकर घेतलेल्या काळजीचे फळ उशिरा, पण निश्चित मिळाले.

अमेरिका व कॅनडा येथील दुसऱ्या अभ्यासात १०,२५१ रुग्ण होते. त्यांचे सरासरी वय ६२ वर्षे, मधुमेह सुमारे दहा वर्षांचा जुना, आणि हृदयविकार आधीच जडलेला किंवा त्याचा धोका मोठा. त्यांपैकी निम्म्यांची साखर औषधांनी निरोगी मनुष्याच्या पातळीवर आणण्याचा प्रयत्न झाला. त्या गटात २५७ मृत्यू झाले, तर सौम्य उपचारांच्या गटात २०३. म्हणून फेब्रुवारी २००८ मध्ये तो कडक उपचार थांबविण्यात आला. जुन्या दुखण्यात घाई अपायकारक ठरू शकते, हा त्याचा धडा होय.

केवळ साखर नव्हे

धमन्यांना साखरेखेरीज इतरही शत्रू आहेत. वरील ब्रिटिश अभ्यासातच १,१४८ रुग्णांच्या रक्तदाबाचाही विचार झाला. रक्तदाब अधिक काटेकोरपणे आटोक्यात ठेवलेल्यांत पक्षाघात ४४ टक्क्यांनी घटले. डेन्मार्कमध्ये १६० रुग्णांपैकी निम्म्यांची साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, आहार, व्यायाम व धूम्रपान या सर्वांकडे एकत्र लक्ष पुरविण्यात आले. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, त्यांच्यातील हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांचा धोका जवळजवळ निम्म्याने कमी झाला.

यावरून बोध स्पष्ट आहे. मधुमेहाचे निदान होताच साखरेवर नियंत्रण आणावे. परंतु ती कोणत्या पातळीवर ठेवावी, हे रुग्णाचे वय व प्रकृती पाहून वैद्यानेच ठरवावे. रक्तदाब व कोलेस्टेरॉल नियमित तपासावेत, तंबाखू वर्ज्य करावी आणि रोज चालावे. धमनी एका दिवसात बिघडत नाही. तिचे रक्षणही एका दिवसाचे काम नव्हे.