नाव रेशमाचे, धागा कशाचा?

गडचिरोली जिल्ह्यातील आलापल्ली हे सागवानाचे गाव. येथील वन आगारातील ओंडक्यांवर क्रमांक आणि शिक्के असतात. त्या खुणा वाचता आल्या की माल ओळखता येतो. नाव वा चिन्ह छापलेले कपडे आणि भेटवस्तू यांच्या व्यापारात खुणांचे हे काम शब्द करतात. शाळेचे टी-शर्ट, दुकानाच्या नावाच्या टोप्या, शोभायात्रेचे दुपट्टे, पारण्याची प्रभावना असा माल दूरच्या गावी बहुधा फोनवरूनच मागवला जातो. कापड हाताला लागण्याआधी सौदा शब्दांवर ठरतो. म्हणून शब्दांचा अर्थ ठाऊक असणे ही व्यापाऱ्याची पहिली गरज होय.

'जीएसएम' म्हणजे एक चौरस मीटर कापडाचे ग्रॅममधील वजन. 180 चा भाव घेऊन 150 चे कापड दिले, तर ते डोळ्यांना चटकन कळत नाही, तराजूला कळते. 'स्क्रीन प्रिंटिंग'मध्ये प्रत्येक रंगासाठी वेगळी चौकट लागते, म्हणून ते मोठ्या संख्येलाच परवडते. मोजक्या नगांसाठी 'डीटीएफ' सोयीचे: चित्र आधी फिल्मवर छापून मग उष्णतेने कापडावर चिकटवले जाते. 'सबलिमेशन'चा रंग पॉलिएस्टरच्या धाग्यात मुरतो. साध्या सुती कापडावर तो धुण्यात टिकत नाही. भरतकामात चित्राचे टाक्यांत रूपांतर करणे म्हणजे 'डिजिटायझिंग', आणि दर बहुधा टाक्यांच्या संख्येवर ठरतो.

येथवर प्रश्न नफ्या-तोट्याचा झाला. पुढील शब्द अहिंसेशी भिडतात.

'सिल्क स्क्रीन' या नावात रेशीम आहे, पण आजची जाळी पॉलिएस्टरची असते. 'आर्ट सिल्क'मधील 'आर्ट' म्हणजे कला नव्हे, कृत्रिम. त्यात रेशमाचा धागा नसतो. 'सॅटिन' हे विणीचे नाव आहे. धागा पॉलिएस्टरचा की रेशमाचा, हे वेगळे विचारावे लागते. याउलट सत्कारासाठी घेतली जाणारी कोशाची शाल खऱ्या रेशमाची असते. ऐन आणि अर्जुन वृक्षांवर पोसलेल्या अळ्यांचे हे कोश गडचिरोली जिल्ह्यातच आरमोरी परिसरात होतात. रूढ पद्धतीत धागा काढण्यापूर्वी कोश उकळले जातात आणि आतील जीव मरतो. पतंग बाहेर पडल्यावर धागा काढलेला असेल, तरच त्याला 'अहिंसा रेशीम' म्हणतात.

भेटवस्तूंत अधिक सावध राहावे. 'बोन चायना'च्या कपात जनावरांच्या हाडांची राख असते. पारंपरिक मिश्रणात ती सुमारे निम्मी असे. नाव छापण्यासाठी साधा सिरॅमिक मग तितकाच उपयोगी पडतो. डायरीच्या वेष्टनाला 'पीयू लेदर' म्हटले, तर वरचा थर कृत्रिम असतो. तरी त्याखाली चामड्याचे अस्तर नाही ना, हे विचारावे. 'बॉन्डेड लेदर'मध्ये तर कातड्याचाच चुरा असतो. तपाच्या अनुमोदनेसाठी वाटलेली प्रभावनाच हाडांची किंवा कातड्याची निघाली, तर त्या अनुमोदनेला काय अर्थ उरला?

तत्त्वार्थसूत्रात अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांपैकी 'हीनाधिकमानोन्मान' म्हणजे खोटी मापे वापरणे आणि 'प्रतिरूपकव्यवहार' म्हणजे अस्सल म्हणून नक्कल खपवणे. जीएसएममधील फसवणूक पहिल्यात मोडते. 'आर्ट सिल्क' रेशीम म्हणून विकणे दुसऱ्यात. "आम्हाला पुढच्याने असेच सांगितले" हे उत्तर ग्राहकाला पुरेल, व्रताला पुरणार नाही. विचारून, पारखून घेणे हीच व्यापारातील जयणा.

यासाठी मागणी लेखी द्यावी. धाग्याचा प्रकार, जीएसएम, छपाईची पद्धत, रंगांची संख्या आणि 'प्राणिज घटक नको' ही अट त्यात असावी. छपाईपूर्वी नमुना मागवून तो तपासावा, धुऊन पाहावा आणि मगच होकार कळवावा. बिलावरही तेच शब्द उतरवून घ्यावेत. ग्राहकाला माल देताना दुकानदाराने हेच शब्द आपणहून सांगितले, तर कापडावर छापलेल्या नावाइतकेच दुकानाचे नावही टिकते.