डब्यावरची शेड, डोक्यावरचा रंग
केसांचं रसायन : लेखांक सहावा

फाल्गुन वद्य पंचमीला रंगपंचमी, दुसऱ्याच दिवशी पैठणला नाथषष्ठी, दहाएक दिवसांत पाडवा आणि मागोमाग लग्नसराई. बिडकीनसारख्या गावात केसांना नवा रंग लावायचं मनात येतं ते बहुधा याच दिवसांत. मग दुकानात जायचं आणि डब्यावरच्या फोटोतल्या बाईचे केस पाहून शेड उचलायची, अशी सर्वसाधारण रीत आहे. ती चुकीच्या टोकाकडून सुरू होते. आपल्या केसांत आज कोणता रंग आहे, हा पहिला प्रश्न. कोणता हवा, हा दुसरा.

आपल्याकडच्या बहुतेकांच्या केसांत युमेलॅनिन हे काळपट रंगद्रव्य ठासून भरलेलं असतं. वरून लावलेला रंग त्याला झाकत नाही, त्यात मिसळतो. पैठणीत उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या रंगाचा घेतला की धूपछाँव दिसते, तसंच हे. फक्त इथला उभा धागा आपण निवडलेला नसतो. कायमच्या रंगातला अमोनिया केसावरचे खवले उचलतो, हायड्रोजन पेरॉक्साइड आतलं मेलॅनिन थोडंफार उडवतं आणि नवा रंग केसाच्या आतच तयार होतो. बऱ्याच कंपन्या डब्यावर पायरीचा आकडा छापतात : १ म्हणजे काळा, १० म्हणजे अगदी फिका सोनेरी. सहा टक्क्यांचं पेरॉक्साइड केसांना एक-दोन पायऱ्याच वर नेतं. त्यामुळे २ वरच्या केसांना ७ ची शेड लावली, तर हाती येतो लालसर तपकिरी, तोही उन्हात उभं राहिल्यावर कळणारा. पिकलेल्या केसांचं याच्या उलट. तिथे मेलॅनिनच नसल्यानं रंग पुरता उठतो. मेंदी लावलेल्या डोक्यावर कानशिलं नारिंगी आणि टाळू काळीच, हे दृश्य कुठल्याही लग्नाच्या मांडवात सापडेल. मेंदी एकच, खालचे केस दोन प्रकारचे.

यावर कुणी म्हणेल, ब्लीच केलं की झालं; पैठण रस्त्यानं शहरातलं पार्लर काही लांब नाही. ब्लीचनं हवी ती शेड मिळते, हे खरं. पण मेलॅनिन उडवताना केसातलं प्रथिनही झिजतं, केस सच्छिद्र होतो आणि पुढे लावलेला रंग धुण्यागणिक निघत जातो. त्यात मराठवाड्याचं चैत्र-वैशाखातलं ऊन! चार बटांपुरतं ठीक. अख्ख्या डोक्यासाठी हा सौदा महागच.

दुसरा आक्षेप अधिक ऐकू येतो : रसायनं नकोत, आम्ही काळी मेंदी लावतो. मेंदीच्या पानातलं लॉसोन केसातल्या केराटिनला चिकटतं आणि नारिंगी-तांबडा रंग देतं. नुसती मेंदी काळी होत नाही. त्यावर निळीच्या पानांची भुकटी लावून काळेपणा आणता येतो, पण त्याला वेळ लागतो. पुडीतली मेंदी अर्ध्या तासात केस काळेभोर करत असेल, तर ती किमया बहुतेकदा पीपीडीची, म्हणजे पॅराफेनिलिनडायअमिनची असते. कायमच्या बहुतेक गडद डायमध्येही तेच असतं. म्हणजे टाळायला निघालो तेच घरात आलं, वर नाव सोज्ज्वळ. पीपीडीची ॲलर्जी आली तर टाळूला खाज सुटते, कपाळावर पुरळ येतं, पापण्या सुजून डोळे मिटतात. ‘इतकी वर्षं लावतोय, काही झालं नाही’ हा युक्तिवाद इथे चालत नाही, कारण ही ॲलर्जी वापरातूनच जडते आणि वर्षानुवर्षांच्या वापरानंतरही उपटू शकते. म्हणून पुडीवरचे घटक वाचावेत आणि दर वेळी कानामागे थेंबभर लावून ४८ तास थांबावं. जिथे आग झाली, तिथे तो डाय कायमचा बंद.

मग निवडायचं काय? केस काळे असतील तर ३ किंवा ४ ची तपकिरी शेड, फार तर तांबूस झाक असलेली. केस महिन्याला साधारण सेंटीमीटरभर वाढतात. पाडव्याला लावलेल्या रंगाची मुळं मे महिन्यातल्या लग्नात उघडी पडणारच, पण रंग मूळ रंगाच्या जवळचा असला तर ती रेघ डोळ्यांवर येत नाही. अर्ध्याहून अधिक केस पिकलेल्यांनी तर काळा सोडावाच, असं माझं मत आहे. काळ्याशेजारी पांढरं मूळ आठ-दहा दिवसांत चमकू लागतं. मध्यम तपकिरीशेजारी ते बरंच उशिरा लक्षात येतं. वय लपवायला काळा रंग हवा, हा समज आपल्याकडे फारच घट्ट आहे, आणि दर पंधरवड्याला डाय लावायला लावतो तो हाच.

दिवसही पाहून घ्यावा. ताज्या रंगवलेल्या, विशेषतः ब्लीच केलेल्या केसांत रंगपंचमीचा हिरवा-जांभळा रंग खोल शिरतो आणि लवकर निघत नाही. तेव्हा पंचमीचा रंग आधी धुऊन जाऊ द्यावा, टाळूची आग होत नाही हे पाहावं, मग कानामागची चाचणी. तरीही पाडव्याआधी आठवडा हातात उरतो.

पुढच्या लेखांकात बोअरचं क्षारयुक्त पाणी आणि त्यानं केसांवर चढणारा थर.