मुंबईच्या गोदींतील सागवानी युद्धनौका

शहाद्याच्या पुष्कळ मुलांनीं समुद्र पाहिलेला नसतो; परंतु आपली गोमाई प्रकाशें येथें तापीस मिळते आणि तापी सुरतेपलीकडे समुद्रास मिळते. त्याच सुरतेहून लवजी नसरवानजी वाडिया नांवाचा कुशल पारशी जहाजबांधणारा सन १७३६ मध्यें इंग्रजांच्या कंपनीच्या बोलावण्यावरून मुंबईस आला. त्याच्या घराण्यानें पुढें शंभराहून अधिक वर्षें मुंबईच्या गोदींत जहाजें बांधिलीं. त्यांपैकीं एक युद्धनौका आजहि पाण्यावर तरंगत आहे. मात्र ती पाहावयाची तर इंग्लंडांतील हार्टलपूल बंदरीं जावें लागतें. तिचें नांव ट्रिंकोमाली.

नेपोलियनशीं चाललेल्या युद्धांत इंग्लंडांत ओक लांकडाचा तुटवडा पडला, तेव्हां सन १८१२ मध्यें ब्रिटिश आरमारानें ही तीन डोलकाठ्यांची वेगवान नौका मुंबईस बांधविण्याचें ठरविलें. तिचे नकाशे 'जावा' नांवाच्या युद्धनौकेवरून रवाना झाले. परंतु त्या वर्षाच्या अखेरीस ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या 'कॉन्स्टिट्यूशन' नौकेनें जावाचा पराभव करून ती जाळून टाकिली, व नकाशेहि तिच्याबरोबर गेले. दुसरी प्रत येऊन कामास आरंभ होईपर्यंत १८१६ साल उजाडलें. जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखालीं तें काम चाललें. नौकेच्या तळाच्या कण्यांत पारशी रिवाजाप्रमाणें रुप्याचा खिळा ठोकण्यांत आला, आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजीं ती पाण्यांत उतरली.

लांकूड मलबारचें साग. सातपुड्याच्या पायथ्याशीं राहणाऱ्यांस सागाची थोरवी सांगावयास नको. तथापि नौकेच्या बाबतींत एक विशेष आहे. ओकमध्यें आम्ल असतें व तें लोखंडी खिळ्यांस खातें. सागांत तेल असतें, त्यामुळें खिळे टिकतात आणि लांकडासहि सहसा कीड लागत नाहीं.

इतक्या खटपटीनें नौका सिद्ध झाली, तों युद्ध संपून दोन वर्षें लोटलीं होतीं! सन १८१९ मध्यें ती पोर्ट्समथला पोंचली आणि पंचवीस वर्षांहून अधिक काळ तेथें नुसती पडून राहिली. पुढें १८४७ ते १८५० पर्यंत उत्तर अमेरिका व वेस्ट इंडीजच्या समुद्रांत, आणि १८५२ ते १८५७ पर्यंत पॅसिफिक महासागरांत तिनें चाकरी केली. नंतर आगबोटींचे दिवस आले व शिडांची नौका मागें पडली. मग तिजवर नौदलाच्या राखीव खलाशांस शिक्षण देऊं लागले.

सन १८९७ मध्यें ती मोडीसाठीं विकली गेली. त्याच वर्षीं जॉर्ज व्हीटली कॉब या गृहस्थाची 'फूद्रोयां' नांवाची जुनी नौका वादळांत फुटली होती. त्यानें ही मोडींतील नौका विकत घेतली, दुरुस्त केली व तिला तेंच नांव दिलें. सन १९८६ पर्यंत तरुण मुलें तिजवर राहून समुद्रविद्या शिकलीं. आमच्या मतें ती वांचली ती पराक्रमामुळें नव्हे, तर ती विद्यार्थ्यांच्या उपयोगीं पडत राहिली म्हणून. १९८७ मध्यें ती हार्टलपूलला नेली, १९९२ मध्यें तिला मूळ नांव परत मिळालें, आणि २००१ पर्यंत तिचा जीर्णोद्धार पूर्ण होऊन ती संग्रहालय झाली.

त्याच २००१ सालीं मुंबईंत 'विक्रांत' ही आपली पहिली विमानवाहू नौका लोकांस पाहण्यासाठीं खुली झाली होती. १९७१ च्या युद्धांत तिनें मोठी कामगिरी बजाविली होती. परंतु पोलादास गंज चढला, खर्च पेलेना. २०१२ मध्यें सुरक्षिततेच्या कारणास्तव ती बंद झाली व २०१४ मध्यें मोडीस निघाली. तिच्या धातूचा अंश घातलेल्या मोटारसायकली पुढें रस्त्यांवरून धांवल्या. हें लिहितांना मन खिन्न होतें.

ट्रिंकोमालीहून जुनी अशी पाण्यावर तरंगणारी युद्धनौका आज जगांत एकच उरली आहे. ती बोस्टन येथें असते. तिचें नांव कॉन्स्टिट्यूशन. जिच्यामुळें आपल्या नौकेचे पहिले नकाशे नाहींसे झाले, तीच ही.