टॉम रॉबिन्सन : खाडाखोडीतून घडलेलं गाणं

आजार समलैंगिकता, क्रमांक ३०२.०. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या वर्गीकरणात १९७८ साली ही नोंद होती. त्याच वर्षी लंडनचा बेसवादक-गायक टॉम रॉबिन्सन याच्या बँडची ‘रायझिंग फ्री’ नावाची इपी बाजारात आली. रंगमंचावरून थेट ध्वनिमुद्रित केलेल्या या तबकडीवर एक गाणं सुरू करण्याआधी रॉबिन्सन, एखाद्या डॉक्टरच्या थाटात, हा क्रमांक श्रोत्यांना सांगतो आणि गाणं चक्क जागतिक आरोग्य संघटनेला अर्पण करून टाकतो. मग ‘ग्लॅड टू बी गे’ सुरू होतं. चाल अशी, की पबमध्ये चार दोस्तांनी गळ्यात गळे घालून म्हणावी. शब्द म्हणजे मात्र कडव्यागणिक एक आरोपपत्र. पोलीस विनाकारण पबवर छापे घालतात, ‘गे न्यूज’सारख्या पत्रावर खटले भरले जातात आणि उघड्या बायकांचे फोटो छापणारी वर्तमानपत्रं उजळ माथ्याने विकली जातात, रस्त्यावर मारहाण होते. शेवटच्या कडव्यात तो आपल्याच लोकांकडे वळतो. आपलं बरं चाललंय ना, मग कशाला बोला, असं म्हणत गप्प बसणाऱ्यांनाही तो सोडत नाही. ध्रुवपदातला आनंद त्यामुळे आनंद राहत नाही, तो उपरोध होतो. आणि गर्दी तो उपरोध बेंबीच्या देठापासून गात असते.

या एका गाण्याने रॉबिन्सनला इतिहासात जागा दिली आणि त्याच्या बाकीच्या कामावर पडदाही टाकला. त्याची पन्नासएक वर्षांची कारकीर्द पाहिली तर मला त्याचं मोठेपण वेगळ्याच ठिकाणी दिसतं. हे गाणं त्याने पूर्ण झालेलं मानलं नाही. काळ बदलला, तो स्वतः बदलला, तसे शब्द खोडले आणि नवे घातले. पोवाड्यातली कडवी गावागणिक आणि प्रसंगागणिक बदलणाऱ्या आपल्या शाहिरांना हे कळलं असतं. रॉकच्या दुनियेत मात्र तबकडीवर उमटलेला शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

रॉबिन्सनचा जन्म १९५० सालचा, केंब्रिजचा. क्वेकर पंथीयांच्या निवासी शाळेत असताना तो एका मुलाच्या प्रेमात पडला. पुरुषांमधले संबंध तेव्हा इंग्लंडमध्ये गुन्हा होते. सोळाव्या वर्षी त्याने जीव द्यायचा प्रयत्न केला. तिथून त्याची रवानगी झाली केंट परगण्यातल्या फिंचडेन मॅनरला. जॉर्ज लायवर्ड नावाच्या विलक्षण माणसाने बिथरलेल्या मुलांसाठी चालवलेलं हे निवासी केंद्र होतं. रॉबिन्सन तिथे सहा वर्षं राहिला. पुढे त्याच्या बँडचा गिटारवादक झालेला डॅनी कस्टो त्याला तिथेच भेटला. ब्लूज गायक अलेक्सिस कॉर्नर एकदा तिथे येऊन एकट्याने गायला, आणि एक माणूस, एक गिटार एवढ्यावर अख्खी खोली ताब्यात घेता येते हे या मुलाने डोळ्यांनी पाहिलं.

१९६७ मध्ये कायदा बदलला, पण तो बदल किती अर्धामुर्धा होता हे लक्षात घेतल्याशिवाय रॉबिन्सनचा राग कळत नाही. दोघेही एकवीस वर्षांवरचे हवेत, जागा पूर्ण खाजगी हवी (हॉटेलची खोली त्यात धरली जात नसे), आणि हे सगळं फक्त इंग्लंड-वेल्सपुरतं. स्कॉटलंड, उत्तर आयर्लंड ताटकळतच राहिले. आपल्या दंडविधानातलं १८६० सालचं कलम ३७७ ही त्याच इंग्रजी कायद्याची वसाहतीतली पाठवणी. मालकाने घरचा कायदा सैल केल्यावरही आपण ते जपून ठेवलं, थेट ६ सप्टेंबर २०१८ पर्यंत. असो.

१९७३ मध्ये रॉबिन्सन लंडनला आला आणि ‘कॅफे सोसायटी’ या मवाळ, तीन गळ्यांच्या गटात गाऊ लागला. ‘किंक्स’च्या रे डेव्हिसने त्यांना आपल्या कोंक या कंपनीत घेतलं. अल्बम निघाला तो जेमतेम सहाशे प्रती खपण्यापुरता. रॉबिन्सन करारातून सुटायला धडपडत होता आणि डेव्हिस सोडत नव्हता. हे भांडण दोघांनीही गाण्यांतून चालवलं : रॉबिन्सनचं ‘डोन्ट टेक नो फॉर ॲन आन्सर’ डेव्हिसवर, डेव्हिसचं ‘प्रिन्स ऑफ द पंक्स’ रॉबिन्सनवर. कोर्टापेक्षा बरं.

याच काळात लंडनच्या गे स्विचबोर्ड या हेल्पलाइनशी त्याचं नातं जुळलं. १९७४ मध्ये सुरू झालेल्या या हेल्पलाइनवर स्वयंसेवक फोन घेत. कुठे जायचं, पोलिसांनी पकडलं तर काय करायचं, घरी कसं सांगायचं हे ते विचारणाऱ्याला सांगत. रॉबिन्सनही त्यांच्यातला एक. त्याच्या गाण्यांमधली माहितीपत्रकाची शिस्त तिथून आली असावी असा माझा तर्क आहे. ‘ग्लॅड टू बी गे’ त्याने १९७६ च्या लंडन प्राइडसाठी लिहिलं तेव्हा त्याच्याकडे स्वतःचा बँडही नव्हता.

बँड १९७७ मध्ये जमला आणि ईएमआयने त्याला करारबद्ध केलं. ‘सेक्स पिस्टल्स’ना नुकतंच दार दाखवलेली हीच ती कंपनी. पहिलं गाणं ‘२-४-६-८ मोटरवे’ म्हणजे रात्रभर ट्रक हाकणाऱ्या ड्रायव्हरचं साधंसुधं, ठेक्यात चालणारं गाणं. राजकारणाचा वासही नाही. ते पाचव्या क्रमांकावर गेलं. त्याच्या पाठोपाठ आली ती ‘रायझिंग फ्री’. ती अठराव्या क्रमांकावर चढली तेव्हा बीबीसी रेडिओ वनच्या लोकप्रिय गाण्यांच्या कार्यक्रमाची पंचाईत झाली. लोक कुठल्या गाण्यासाठी इपी विकत घेतायत हे उघड होतं. बीबीसीने त्याच तबकडीवरचं दुसरं, निरुपद्रवी गाणं लावलं. त्यातला विनोद असा, की ते होतं ‘डोन्ट टेक नो फॉर ॲन आन्सर’. रेडिओ निवेदक जॉन पील यांनी आपल्या कार्यक्रमात मूळ गाणं वाजवलं, आणि लंडनच्या कॅपिटल रेडिओवर श्रोत्यांनी मतं देऊन ते सलग सहा आठवडे पहिल्या क्रमांकावर ठेवलं.

३० एप्रिल १९७८ चा दिवस वेगळा सांगायला हवा. दोन वर्षांपूर्वी एरिक क्लॅप्टनने बर्मिंगहॅमच्या रंगमंचावरून, दारूच्या नशेत, परदेशी लोकांना हाकलण्याची भाषा केली होती. त्या संतापातून ‘रॉक अगेन्स्ट रेसिझम’ ही चळवळ उभी राहिली. तिचा मोर्चा त्या दिवशी ट्रॅफल्गार चौकातून निघून पूर्व लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कला पोचला. द क्लॅश, स्टील पल्स, एक्स-रे स्पेक्स गायले आणि शेवट केला टॉम रॉबिन्सन बँडने. अफाट गर्दी होती. गोऱ्या पोरांच्या त्या गर्दीने वर्णद्वेषविरोधी सभेत येऊन समलिंगी हक्कांचं गाणं म्हटलं, हे तेव्हा कुणीही गृहीत धरलं नसतं. चारच दिवसांनी, ४ मे रोजी, तिथून जवळच व्हाइटचॅपलमध्ये अल्ताब अली या तरुण बंगाली कापड-कामगाराचा खून झाला. गाण्यांनी खून थांबत नाहीत. रॉबिन्सननेही कधी तसा दावा केला नाही.

‘पॉवर इन द डार्कनेस’ हा त्या वर्षीचा अल्बम चौथ्या क्रमांकावर पोचला. वेष्टनात आवळलेल्या मुठीचं बँडचं चिन्ह कोरलेला स्टेन्सिल दिलेला होता आणि सोबत सूचना, की सार्वजनिक मालमत्तेवर हा रंगवू नये. भिंतींनी त्याचा काय अर्थ घ्यायचा तो घेतला. अल्बम आज ऐकताना निम्मी गाणी पोस्टरसारखी वाटतात. दुरून वाचता येतात, जवळ जाऊन सापडत काही नाही. अपवाद ‘द विंटर ऑफ ७९’चा. एक म्हातारा आपल्या तरुणपणीच्या भयंकर हिवाळ्याच्या आठवणी सांगतोय, अशी कल्पना. आणि तो हिवाळा गाणं लिहिलं तेव्हा अजून यायचा होता. खराखुरा आला तो संपांचा आणि रस्तोरस्ती साचलेल्या कचऱ्याचा. त्या मे महिन्यात मार्गारेट थॅचर निवडून आल्या.

दुसरा अल्बम टॉड रंडग्रेनच्या हाताखाली झाला, आपटला आणि १९७९ मध्येच बँड फुटला. एल्टन जॉन आणि पीटर गॅब्रिएल यांच्याबरोबर केलेली गाणी, ‘सेक्टर २७’ हा नवा गट, समीक्षकांची शाबासकी, रिकामा गल्ला. मग व्यवस्थापन कंपनीच बुडाली. कर्ज, मोडलेलं प्रेम आणि पुन्हा ढासळलेलं मन घेऊन रॉबिन्सन हँबर्गला एका मित्राच्या रिकाम्या खोलीत जाऊन राहिला.

तिथे त्याने ‘वॉर बेबी’ लिहिलं, आणि माझ्या मते हेच त्याचं सर्वांत चांगलं गाणं. घोषणा नाही, बाजू नाही. दुभंगलेला जर्मनी आणि फाटलेला माणूस एकमेकांत इतके मिसळले आहेत, की कुठली भीती कुणाची हे सांगता येत नाही; वर सॅक्सोफोन. मोठी कंपनी पाठीशी नव्हती. त्याने आपल्याच पॅनिक रेकॉर्ड्सतर्फे ते काढलं आणि १९८३ मध्ये ते सहाव्या क्रमांकावर गेलं. त्याचं स्वतंत्र असणं खऱ्या अर्थाने इथून सुरू होतं.

याच सुमारास, १९८२ मध्ये, गे स्विचबोर्डच्याच मदतनिधीच्या कार्यक्रमात त्याची एका स्त्रीशी ओळख झाली. प्रेम जुळलं, पुढे मुलं झाली. टॅब्लॉइड पत्रांना यापेक्षा चमचमीत काय हवं? देशातला सर्वांत प्रसिद्ध गे माणूस ‘सुधारला’ म्हणून त्यांनी नाचून घेतलं. त्याहून लागले असतील ते चळवळीतले टोमणे. गद्दार इथपर्यंत मजल गेली. रॉबिन्सन मात्र शांतपणे सांगत राहिला, की आपल्याला पुरुष आवडतात हे बदललेलं नाही, फक्त आपलं प्रेम या बाईवर आहे. लेबल हवं असलेल्या दोन्ही बाजूंना हे पचलं नाही.

उत्तर त्याने गाण्यातून दिलं. एड्सच्या साथीत ‘ग्लॅड टू बी गे’चे शब्द बदलले होतेच. नव्वदच्या दशकात नवं कडवं आलं, मुक्तीच्या नावाखाली नवं कुंपण घालणाऱ्यांना फटकारणारं. १९९६ च्या अल्बमचं नावच ‘हॅविंग इट बोथ वेज’. उभयलैंगिकतेवरचं, सहजासहजी संपत नाही असं त्याचं लांबलचक ‘ब्लड ब्रदर’ १९९८ मध्ये न्यूयॉर्कला गे आणि लेस्बियन संगीत पुरस्कारांत तीन बक्षिसं घेऊन गेलं. शाळा आणि नगरपालिकांना समलैंगिकतेचा ‘प्रसार’ करण्यास बंदी घालणारं कलम २८ तेव्हा ब्रिटनमध्ये लागू होतं. इंग्लंड-वेल्समधून ते २००३ मध्ये गेलं.

पोटापाण्यासाठी आणि आवडीनेही तो रेडिओकडे वळला. पुरुषांना मनातलं बोलतं करणारा ‘द लॉकर रूम’, आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेल्यांवरचा एक कार्यक्रम आणि समलिंगी संगीताच्या इतिहासावरचा माहितीपट, ज्याला १९९७ चा सोनी पुरस्कार मिळाला. २००२ मध्ये बीबीसीने ‘६ म्युझिक’ सुरू केलं आणि तिथे त्याने नावारूपाला न आलेल्या गायकांची गाणी लावण्याचा धडाका लावला. ‘फ्रेश ऑन द नेट’ हा त्याचाच उद्योग. कुणीही गाणं पाठवावं, ते ऐकलं जाईल, एवढीच हमी. एकेकाळी सहाशे प्रतींवर अडकलेल्या माणसाला या हमीची किंमत ठाऊक असणार. स्वतःची गाणीही तो लोकांना फुकट उतरवून घेऊ देत असे आणि चाहत्यांसाठी विनातिकीट मैफली करत असे.

ज्यांना रॉबिन्सन नव्याने ऐकायचा आहे त्यांनी ‘मोटरवे’पासून सुरुवात करू नये, ते एकदा डोक्यात शिरलं की निघत नाही आणि मागचं सगळं झाकून टाकतं. आधी ‘वॉर बेबी’ ऐकावं, मग ‘ग्लॅड टू बी गे’च्या दोन-तीन आवृत्त्या ओळीने. आणि शेवटी ‘ओन्ली द नाऊ’. स्वतःच्या गाण्यांचा अल्बम त्याने जवळजवळ दोन दशकं काढला नव्हता. हा चाहत्यांनी आगाऊ पैसे भरून २०१५ मध्ये काढवून घेतला. त्यातल्या ‘होली स्मोक’ या गाण्यात देव बोलतो, आणि हा देव म्हणजे नट इयन मॅकेलन, ज्याने १९८८ मध्ये कलम २८ विरुद्ध बोलताना रेडिओवरच आपण गे असल्याचं सांगून टाकलं होतं.