स्थानकापासून पेठेपर्यंत

मोहोळचा व्यापारी खरेदीसाठी सोलापूरला निघतो, तेव्हा एस.टी.चा पस्तीसेक किलोमीटरचा प्रवास सुखाने होतो. घासाघीस सुरू होते ती स्थानकापासून चाटी गल्लीपर्यंतच्या रिक्षाभाड्याची. या टप्प्यावर सामायिक विजेची दुचाकी उपयोगी पडेल. वस्तू वापरावी पण बाळगू नये, ही कल्पना अपरिग्रह मानणाऱ्यांस परकी नाही.

राज्य मंत्रिमंडळाने 1 एप्रिल 2025 रोजी ई-बाइक टॅक्सीस मान्यता दिली, ती किमान एक लाख लोकसंख्येच्या शहरांपुरती. म्हणजे सोलापूरला वाव आहे, मोहोळला नाही. तीत चालकामागे बसायचे असते. वाहन स्वतः चालवून वाटेल तेथे सोडण्याचा प्रकार अधिक नाजूक. पुण्यात डिसेंबर 2017 मध्ये आलेल्या सामायिक सायकली मोडतोड व चोऱ्यांमुळे थोड्याच वर्षांत दिसेनाशा झाल्या. पॅरिसमध्ये एप्रिल 2023 च्या मतदानात सुमारे 89 टक्के मते भाड्याच्या ई-स्कूटरविरुद्ध पडली (मतदानाला आले जेमतेम साडेसात टक्के, हेही खरे) आणि सप्टेंबरपासून त्या बंद झाल्या. तक्रार होती ती बेफाम चालवण्याची आणि पदपथावर आडव्या टाकलेल्या वाहनांची.

ईर्यासमिती पाळत अनवाणी विहार करणाऱ्या साधू-साध्वींची वाट अशा वाहनांनी अडू नये. सोलापुरात ही सोय येईल तेव्हा ठरलेल्या थांब्यावर वाहन लावल्याखेरीज भाडे थांबणार नाही, ही अट पहिल्या दिवसापासून असावी.