दूरच्या गावासाठी मागितलेली मदत

जबलपूर म्हटले की मराठी माणसाला भेडाघाटचे संगमरवरी कडे आठवतात, किंवा मुंबईहून अलाहाबादकडे, म्हणजे आजच्या प्रयागराजकडे, जाणाऱ्या लोहमार्गावरचे मोठे स्थानक आठवते. या शहराची आणखी एक ओळख आहे. त्याच्या आग्नेयेस मंडला आणि दिंडोरी हे जिल्हे लागतात आणि त्यांपलीकडे मैकल पर्वताच्या रांगा व नर्मदेचा उगम असलेले अमरकंटक. गोंड, बैगा आणि परधान यांचा हा मुलूख. साल-सागाच्या रानात विखुरलेल्या येथील वाड्यांना पावसाळ्यात नदीनाले बाहेरच्या जगापासून तोडून टाकीत. औषध, शाळा किंवा धर्म घेऊन ज्यांना या गावांत जावयाचे होते, त्यांना बहुधा जबलपूर हेच दार होते.

अशा कार्याला निघणाऱ्यास प्रथम पैसा लागतो, आणि तो बहुधा मागावा लागतो. ख्रिस्ती मिशनांच्या परंपरेत तर मदतीचे आवाहन हा कार्याचाच एक भाग मानला जातो. मंडळीतील बांधवांना पत्र लिहावयाचे. गावाचे दारिद्र्य, तेथे नसलेला डॉक्टर, प्रवासाचा व औषधांचा खर्च सांगावयाचा. आणि ज्यांना पैसा देता येत नाही त्यांनी निदान प्रार्थना करावी अशी विनंती करावयाची. महाराष्ट्राला ही रीत परकी वाटण्याचे कारण नाही. मधुकरी, वारी आणि कीर्तन यांच्या आधारावर वाढलेल्या समाजाला झोळीचा अर्थ समजतो. गाडगे महाराजांनी स्वतः खापरात भाकरी खाल्ली आणि लोकांकडून मिळालेल्या पैशांतून परक्यांसाठी धर्मशाळा उभ्या केल्या.

तथापि या मागण्यात एक पेच असतो. स्वतःसाठी भिक्षा मागताना देणारा आणि घेणारा असे दोघेच असतात. दूरच्या गावासाठी मदत मागताना पक्ष तीन होतात : दाता, मध्यस्थ आणि गाव. पत्रव्यवहार पहिल्या दोघांत चालतो. ज्याच्या नावाने तो चालतो, त्या गावाला पत्रात काय लिहिले आहे याचा बहुधा पत्ताही नसतो. गेल्या पावणेदोनशे वर्षांत जबलपूरच्या या मुलखात जे घडले, ते या तिसऱ्या पक्षाच्या दृष्टीने पाहिले म्हणजे पुष्कळ गोष्टी उलगडतात.

आरंभीचा प्रयोग 1841 च्या सुमाराचा. बर्लिनचे धर्मोपदेशक योहानेस गोसनर यांचे मत असे होते की, मिशनरी हा पगारी नोकर नसावा. त्याने सुतारकाम, शेती किंवा दुसरा एखादा धंदा करून आपले पोट भरावे आणि त्यातूनच लोकांत मिसळावे. जबलपूर येथे असलेले इंग्रज अधिकारी डोनाल्ड मॅक्लिऑड यांच्या उत्तेजनाने गोसनर यांच्या माणसांची एक लहान तुकडी अमरकंटकच्या पायथ्याजवळील करंजिया या गोंड गावी जाऊन राहिली. त्या काळी रेल्वे नव्हती. मुंबई व कलकत्ता यांना जोडणारा जबलपूरचा लोहमार्ग पुरा झाला तो 1870 मध्ये. रोगराईने या मंडळींना वर्षाच्या आतच गाठले. बहुतेक जण तेथेच मृत्यू पावले आणि ती वसाहत मोडली. कोणावर भार टाकावयाचा नाही हा त्यांचा विचार थोर होता. परंतु ज्या रानात राहावयाचे त्याचे पाणी, पावसाळा आणि ताप यांची ओळख करून घेण्यास त्यांना अवसरच मिळाला नाही. दूरच्या गावी जाणाऱ्याजवळ धैर्याइतकीच स्थानिक माहिती असावी लागते, हा धडा त्यांच्या मरणाने मिळाला.

1854 मध्ये इंग्लंडच्या चर्च मिशनरी सोसायटीने जबलपुरात ठाणे केले आणि पुढे तिचे काम मंडल्याच्या गोंडांपर्यंत गेले. विसाव्या शतकात मेथॉडिस्ट मंडळीची धर्मशिक्षणाची संस्थाही शहरात आली. या कामांमागे परदेशातील वर्गणीदारांची नियमित मदत होती. त्यामुळे एका माणसाच्या मृत्यूने किंवा एका पावसाळ्याने काम थांबत नव्हते. नियमित मदतीचा हा मोठाच गुण होय. परंतु नियमित वर्गणीदार नियमित अहवालाचीही अपेक्षा करतो, आणि अहवालात काय मोजावयाचे हा प्रश्न तेथेच उभा राहतो. बरे झालेले रोगी मोजावयाचे, शाळेत टिकलेली मुले मोजावयाची, की बाप्तिस्मा घेतलेली माणसे?

पैशाबरोबर येणाऱ्या अपेक्षांचा हा प्रश्न महाराष्ट्राने पंडिता रमाबाईंच्या निमित्ताने फार जवळून पाहिला होता. अमेरिकेतील बोस्टन येथे 1887 मध्ये स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनने त्यांना दहा वर्षे मदत देण्याचे ठरविले. त्या बळावर 1889 मध्ये शारदा सदन सुरू झाले, ते कोणावरही धर्म न लादण्याच्या अभिवचनाने. काही मुली बाईंच्या प्रार्थनेत बसतात, असा बोभाटा झाला तेव्हा न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक 1893 मध्ये सल्लागार मंडळातून बाहेर पडले. बाईंचे म्हणणे असे की, त्यांनी कोणास बोलाविले नव्हते. परंतु स्वतःच्या प्रार्थनेचे दार लावून घेण्यास त्या बांधलेल्या नव्हत्या. दोन्ही बाजूंस प्रामाणिक माणसे होती. भांडण झाले ते अभिवचनाच्या अर्थावरून. पुढे 1896-97 च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि तेथील उपासमारीत सापडलेल्या मुलींना आपल्या आश्रयास घेऊन आल्या. त्या मुलींच्या दृष्टीने मदतीचा पहिला अर्थ अन्न हाच होता. टीकाकारांस हे विसरून चालत नाही. आणि भुकेलेल्याची संमती ही पोट भरलेल्याच्या संमतीसारखी मोकळी नसते, हे मदत करणाऱ्यासही विसरता येत नाही.

करंजियाचे नाव पुन्हा ऐकू येते ते 1932 मध्ये. या वेळच्या कथेत एक मराठी माणूस आहे आणि त्याची आठवण मराठीत फारशी निघत नाही. शामराव हिवाळे हे मराठी ख्रिस्ती कुटुंबातले. पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात त्यांची आणि व्हेरिअर एल्विन या तरुण इंग्रज पाद्र्याची मैत्री जडली. गांधीजींच्या चळवळीशी जवळीक झाल्यामुळे एल्विन सरकारच्या डोळ्यांत खुपत होते. गोंडांत जाऊन काम करण्याची सूचना त्यांना काँग्रेसमधील ज्येष्ठांकडून मिळाली. धर्मगुरू होण्यासाठी चाललेले आपले शिक्षण बाजूस ठेवून शामराव त्यांच्याबरोबर निघाले. करंजियाला मातीच्या झोपड्यांत त्यांनी संसार मांडला, दवाखाना आणि शाळा चालविल्या, कुष्ठरोग्यांसाठी आश्रयस्थान उभारले. एल्विन ‘बडे भाई’ आणि शामराव ‘छोटे भाई’ म्हणून त्या मुलखात ओळखले जाऊ लागले.

हे दोघे एका मिशनच्या छत्राखाली का राहिले नाहीत, हे समजून घेण्यासारखे आहे. नागपूरच्या बिशपांना एल्विन यांच्याकडून राजनिष्ठेची शपथ हवी होती आणि गोंडांत धर्मप्रचारही हवा होता. एल्विन यांनी दोन्ही गोष्टी नाकारल्या. इकडे सरकारने त्यांना हिंदुस्थानात परत येऊ दिले ते राजकारणापासून दूर राहण्याची हमी घेऊन. 1935 मध्ये एल्विन चर्चमधूनच बाहेर पडले. याचा व्यावहारिक परिणाम असा झाला की, मिशनच्या ठरलेल्या निधीचा मार्ग बंद झाला आणि मुंबईतील व इंग्लंडमधील स्नेह्यांपुढे हात पसरावा लागला. एल्विन यांची 1936 मध्ये प्रसिद्ध झालेली रोजनिशी पाहिली तर गावातील हास्यविनोद, आजार, फजिती आणि पैशाची ओढाताण हे सारे तीत एकत्र दिसते. गोंड हा केवळ दयेचा विषय म्हणून तीत येत नाही. तो शहाणा, खोडकर, गाणारा शेजारी म्हणून येतो. मदत मागणाऱ्याच्या लेखणीची खरी परीक्षा येथे असते. गाव जितके दीनवाणे रंगवावे तितका पैसा अधिक येतो, हा मोह मोठा असतो.

शामरावांनी तर या शेजाऱ्यांची विद्याच ग्रंथात आणली. एल्विन यांच्यासह त्यांनी गोंड व परधान लोकगीतांचे संग्रह केले आणि 1946 मध्ये नर्मदेच्या वरच्या खोऱ्यातील परधानांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. शिकवावयास गेलेला माणूस शिकून आला, असे याचे वर्णन करता येईल. ज्या पाटणगढ गावी या दोघांनी पुढे अनेक वर्षे वास्तव्य केले, त्याच गावच्या जनगढसिंग श्याम यांच्या चित्रकलेने परधान-गोंड शैलीला जगभर नाव मिळवून दिले. ही गोष्ट पुढल्या पिढीची आहे आणि तिचे श्रेय पाहुण्यांचे नव्हे. परंतु ज्यांना जग केवळ ‘मागासलेले’ म्हणत होते, त्यांच्याजवळ देण्यासारखे काय होते, हे तिने दाखविले.

या मुलखात मदतीच्या हेतूविषयीचा वाद पुढे अधिक तीव्र झाला. मंडला जिल्ह्यातील कॅथलिक मिशनच्या शाळांवर खुद्द एल्विन यांनीच 1944 मध्ये जाहीर टीका केली आणि त्याच सुमारास ठक्कर बाप्पांच्या प्रेरणेने तेथे गोंड सेवक संघ उभा राहिला. स्वातंत्र्यानंतर, नागपूर राजधानी असलेल्या त्या वेळच्या मध्य प्रदेश सरकारने 1954 मध्ये नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. 99 प्रश्नांची प्रश्नावली काढून आणि जिल्ह्याजिल्ह्यांत हिंडून समितीने 1956 मध्ये अहवाल दिला. शाळा, दवाखाने व परदेशी पैसा यांचा धर्मांतरासाठी उपयोग होतो, असा तिचा निष्कर्ष होता. ख्रिस्ती संस्थांनी तो एकांगी म्हणून नाकारला. या अहवालाच्या छायेत 1968 मध्ये मध्य प्रदेशाने धर्मस्वातंत्र्याचा कायदा केला आणि बळजबरी, फसवणूक किंवा आमिष यांच्या साहाय्याने होणारे धर्मांतर दंडनीय ठरविले. 1977 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा वैध मानला. घटनेच्या 25 व्या कलमाने धर्माचा प्रसार करण्याचा हक्क दिला आहे. परंतु त्यात दुसऱ्याचे धर्मांतर घडविण्याचा हक्क येत नाही, असा न्यायालयाचा अभिप्राय पडला. 2021 मध्ये त्या कायद्याची जागा अधिक कडक कायद्याने घेतली. त्याने धर्मांतरापूर्वी 60 दिवस जिल्हा दंडाधिकाऱ्यास सूचना देण्याचे बंधन घातले.

पैशाची वाटही आता मोकळी राहिलेली नाही. परदेशी देणग्यांविषयीचा पहिला कायदा 1976 चा, त्याच्या जागी आलेला 2010 चा. 2020 च्या दुरुस्तीने अशी देणगी प्रथम स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेतच घेणे आवश्यक केले, ती दुसऱ्या संस्थेकडे सोपविण्यास मनाई केली आणि व्यवस्थापनावरील खर्चाची मर्यादा 50 टक्क्यांवरून 20 टक्क्यांवर आणली. पर्यटक म्हणून भारतात आलेल्या परदेशी माणसास धर्मप्रचार करण्याची मोकळीक नाही. त्यासाठी वेगळी परवानगी लागते. म्हणजे परदेशातील एखाद्या मंडळीने पंधरा दिवसांची सेवायात्रा काढून जबलपूरच्या रानातील गावांत औषधे व उपदेश दोन्ही घेऊन जावे, हे आता केवळ सद्भावनेवर होणारे काम राहिलेले नाही.

कायदा हेतूची सरहद्द आखतो. चांगले काम कसे होते हे तो सांगू शकत नाही. ते या मुलखाच्या इतिहासावरून समजते. आवाहनाचे पत्र हाती आले तर दात्याने काही साधे प्रश्न विचारावेत. जाणाऱ्यांच्या प्रवासावर किती खर्च होणार आणि गावात किती राहणार? पाहुणे परतल्यावर रोग्याच्या पुढच्या गोळ्या कोण देणार? कुष्ठरोग किंवा क्षय यांचा उपचार महिनोन् महिने चालतो. चार दिवसांच्या शिबिराने तो पुरा होत नाही. जवळच्या सरकारी आरोग्य केंद्राशी या कामाचा काही संबंध आहे काय? प्रार्थनेस न येणाऱ्यालाही तेच औषध, त्याच आदराने मिळणार काय? आणि ज्या माणसांचे दुःख पत्रात वर्णिले आहे, त्यांना ते पत्र त्यांच्या भाषेत वाचून दाखविले तर ती मान खाली घालतील, की ‘हे खरे आहे’ असे म्हणतील?

हा शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. दात्याला हिशेब देण्याची रीत संस्थांनी आता बऱ्यापैकी अंगीकारली आहे आणि सरकारला हिशेब देण्यास कायदा त्यांना भाग पाडतो. गावाला हिशेब देण्यास मात्र कोणी भाग पाडीत नाही. तो देणारा माणूस गावात राहणारा असावा लागतो, त्याला गावाची बोली यावी लागते आणि गावकऱ्याचा ‘नको’ हा शब्द ऐकण्याची त्याची तयारी असावी लागते. छोटे भाई म्हणून वर्षानुवर्षे त्या मातीत राहिलेल्या शामराव हिवाळ्यांजवळ पैसा नेहमीच तोकडा होता. परंतु हिशेब विचारावयास गावकऱ्यांना त्यांचा पत्ता शोधावा लागत नव्हता.